‘हाताने बनवलेलं’ म्हणजे नेमकं काय? डेव्हिड पाय यांचं पुस्तक आणि ठशाचं भेटकार्ड

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी आजचा लेख आहे. तुमचा विषय हस्तकला, बचत गट, महिलांचं घरबसल्या काम किंवा ग्रामीण उद्योग यांपैकी काही असेल, तर जरा सावकाश वाचा. आपल्या धाराशिव जिल्ह्यात असे विषय भरपूर घेतले जातात. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे, आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आलं. त्यामुळे ‘कौशल्य’, ‘प्रशिक्षण’, ‘उपजीविका’ हे शब्द इथल्या संशोधनात सारखे भेटतात. त्यांच्या जोडीला आणखी एक शब्द येतो, ज्याची व्याख्या करायची गरजच कुणाला वाटत नाही. तो म्हणजे ‘हस्तनिर्मित’.

या एका शब्दावर थांबू या. एक अगदी साधी वस्तू घेऊ: ठसे मारून बनवलेलं भेटकार्ड, आणि त्याच कागदाच्या उरलेल्या पट्टीतून कापलेला, भेटवस्तूला बांधायचा टॅग. हे काम आपल्याला परकं नाही. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची आणि कागदावर पाच पाकळ्यांचं फूल उमटवायचं, हे आपण सगळ्यांनी शाळेत केलंय. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकांतही ठसेकाम आहे. भेंडीच्या जागी खोडरबर कोरून केलेला ठसा आला, वहीच्या पानाच्या जागी जाड कागद आला, की झालं विकण्याजोगं दिवाळीचं शुभेच्छापत्र.

आता प्रश्न. कागद गिरणीतला, शाईचा पॅड कारखान्यातला, ठसा बाजारातून आणलेला, आणि हाताने फक्त घडी घातली व ठसा दाबला. हे कार्ड हस्तनिर्मित आहे का? ‘हो’ म्हणालात, तर कारखान्यात बाटल्यांवर हाताने लेबल चिकटवणारी बाईही हस्तनिर्मित वस्तूच बनवते म्हणावं लागेल. ‘नाही’ म्हणालात, तर कुंभाराचं मडकंसुद्धा बाद होतं, कारण चाक हेही यंत्रच आहे. म्हणजे ज्या शब्दावर तुमचा सगळा प्रबंध उभा राहणार, तो शब्द पहिल्याच धक्क्याला डळमळतो.

या अडचणीतून वाट काढणारं एक पुस्तक आहे. ते मला फार उपयोगी वाटतं. पण ते जसंच्या तसं उचललं, तर आपल्याकडच्या कामात सगळ्यात महत्त्वाची गोष्टच हातातून निसटते, असंही मला वाटतं. आधी उपयोग बघू, मग तक्रार.

पुस्तक काय म्हणतं

पुस्तकाचं नाव ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’, लेखक डेव्हिड पाय, साल १९६८. (आडनाव मराठीत लिहिलं की हसू येतं, पण पुढे जाऊ.) पाय हे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइनचे प्राध्यापक होते आणि स्वतः लाकडाचं उत्तम काम करायचे. त्यामुळे पुस्तकात हवेतल्या गप्पा कमी आहेत.

पाय यांचं पहिलं म्हणणं असं, की ‘हस्तनिर्मित’ हा तांत्रिक शब्दच नाही. तो सामाजिक आणि ऐतिहासिक शब्द आहे. काम हाताने झालं की यंत्राने, हा प्रश्न विचारून कामाबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असं विचारा: काम सुरू होण्याआधीच त्याचा निकाल ठरलेला आहे का?

निकाल आधी ठरलेला नसेल, काम चालू असताना करणाऱ्याच्या अंदाजावर, हातावर आणि काळजीवर तो अवलंबून असेल, तर ते जोखमीचं काम. कोणत्याही क्षणी ते बिघडू शकतं. उलट, साचा, यंत्र किंवा पट्टी यांनी निकाल आधीच पक्का केला असेल, तर ते खात्रीचं काम. पाय यांचं ओळखीचं उदाहरण म्हणजे पेनाने लिहिणं हे जोखमीचं आणि छपाई हे खात्रीचं. पण ते इथेच थांबत नाहीत. छपाईतली खात्री आकाशातून पडत नाही, असंही ते दाखवतात. आधी कुणीतरी अक्षर घडवलं, यंत्र जुळवलं. ते सगळं जोखमीचंच होतं. आणि दोन टोकांच्या मध्ये टाइपरायटरसारख्या गोष्टी असतात. पान हजार प्रकारे बिघडवता येतं, पण अक्षराचा आकार मात्र बिघडवता येत नाही.

टाइपरायटरचं हे उदाहरण लक्षात ठेवा. आपला ठसा नेमका याच मधल्या जागेवर बसतो.

कार्डावर लावून बघू

संकल्पना नुसती वाचून कळत नाही, वस्तूवर लावून बघावी लागते. म्हणून कार्डाचं काम पायरी-पायरीने सोडवू आणि प्रत्येक पायरीला पाय यांचा प्रश्न विचारू.

१. कागद कापणं. हातकागदाचा ताव साधारणपणे २२ × ३० इंचांचा मिळतो. ५ × ७ इंचांचं घडीचं कार्ड करायचं, तर उघडल्यावर ते १० × ७ इंच होतं. एका तावात तीन गुणिले तीन, म्हणजे ९ कार्डं बसतात. ३० इंच लांब आणि १ इंच रुंद पट्टी उरते, तिच्यात ३ × १ इंचाचे १० टॅग निघतात. फुटपट्टी लावून कापलं की हे जवळजवळ खात्रीचं काम आहे. पण मोजमाप चुकलं तर एक नाही, तीन-तीन कार्डं एकदम जातात.

२. घडी घालणं. गिरणीच्या कागदात तंतूंना दिशा असते. त्या दिशेने घडी घातली तर ती सुबक बसते, आडवी घातली तर कडेला कागद फुटतो. हातकागदात ही दिशा फारशी नसते. पट्टी लावून आधी रेघ दाबायची, मग दुमडायचं आणि चमच्याच्या पाठीने घडी बसवायची. जोखीम थोडी, पण आहे.

३. ठसा कोरणं. इथे पूर्ण जोखीम. ‘शुभेच्छा’ हा शब्द उलटा कोरावा लागतो. ‘भ’ची गाठ एकदा तुटली की ती परत जोडता येत नाही. मात्र हे काम एकदाच होतं.

४. शाई लावणं आणि ठसा मारणं. आकार आधीच ठरलेला आहे. पण जागा, कोन, दाब आणि शाई यांपैकी काहीच ठरलेलं नाही. दाब कमी-जास्त झाला की देवनागरीत पहिल्यांदा शिरोरेषा दगा देते. अर्धी उमटते, अर्धी फिकी राहते. म्हणजे पाय यांच्या टाइपरायटरसारखंच. अक्षर हमखास, पान बेभरवशाचं.

५. वाळवणं. गुळगुळीत लेपाच्या कागदावर घट्ट शाई लवकर वाळत नाही, बोट लागलं की डाग. सच्छिद्र कागदात पातळ शाई पसरते, फुलाच्या कडा फुटतात. ही जोखीम हाताची नाही, सामान निवडण्याची आहे.

६. भोक पाडणं, दोरा ओवणं. पंच लावला की खात्री.

बघा, एका साध्या कार्डात किती पायऱ्या निघाल्या आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आलं. ‘हस्तनिर्मित’ या एका शब्दाने हे सगळं झाकलं होतं. पाय यांचा मोठा उपयोग हाच. वस्तूला लेबल लावायच्या ऐवजी ते तुम्हाला पायऱ्या मोजायला लावतात. मी तर म्हणेन, हस्तकलेवर काम करणाऱ्या प्रत्येकाने क्षेत्रकार्याच्या आधी असा एक तक्ता स्वतःच्या हाताने भरावा. त्यासाठी काम एकदा स्वतः करून बघावं लागतं, हा आणखी एक फायदा.

तेरचे साचे

अशा प्रस्तावांत आणखी एक नाव हमखास असतं: वॉल्टर बेन्यामिन. यांत्रिक पुनरुत्पादनाच्या काळातल्या कलाकृतीवरचा त्यांचा १९३० च्या दशकातला निबंध घ्यायचा, त्यातला ‘ऑरा’ म्हणजे वलय हा शब्द उचलायचा, आणि लिहून टाकायचं की छापील कार्डाला वलय नसतं, हाताच्या कार्डाला असतं, कारण प्रत्येक कार्ड एकमेव असतं. वाचायला छान वाटतं. पण ठशाच्या कार्डाला हे लागूच पडत नाही. ठसा हे साधनच मुळी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यासाठी जन्माला आलंय. खुद्द बेन्यामिन त्याच निबंधात सांगतात, की ग्रीकांना प्रती काढायच्या दोन पद्धती माहीत होत्या, ओतणं आणि ठसा मारणं. त्यांतून कांस्यमूर्ती, मातीच्या मूर्ती आणि नाणी संख्येने काढता यायची. म्हणजे ‘आधी सगळं एकमेव होतं, मग यंत्र आलं’ अशी सरळ गोष्ट तेही सांगत नाहीत.

आपल्याला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही. तेरला जा. धाराशिव तालुक्यातलं, तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आलेलं तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यांतल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती दुहेरी साच्यात केलेल्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायच्या. म्हणजे एका साच्यातून अनेक मूर्ती. त्या हस्तनिर्मित नाहीत असं म्हणायची तुमची हिंमत आहे का? आणि त्या एकमेव आहेत असं तरी कसं म्हणणार?

तेर हेच संत गोरोबाकाकांचंही गाव. चाकावरचं मडकं हे पाय यांच्या भाषेत अस्सल जोखमीचं काम आहे. आणि भाजून झाल्यावर ते पक्कं की कच्चं, हे थापटण्याने ठोकूनच कळतं. गोरोबांनी संतांची मडकी अशीच तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा तुम्हाला माहीत आहेच. एकाच गावाच्या मातीत साचाही आहे आणि चाकही. पुनरावृत्ती आणि कारागिरी एकमेकींच्या शत्रू नाहीत, हे समजायला याहून जवळचा पुरावा नको.

तेव्हा प्रस्तावात ‘एकमेव’ हा शब्द लिहिण्याआधी विचारा: यात काय पुन्हा पुन्हा तेच आहे, आणि काय दर वेळी बदलतंय? घरी करून बघा. भेंडीला एकदाच रंग लावा आणि लागोपाठ दहा ठसे मारा. पहिला गच्च, मधले स्वच्छ, शेवटचे फिके. आकार दहाही वेळा तोच. हा फरक ‘वलय’ नाही, मोजता येण्यासारखी गोष्ट आहे. आणि संशोधकाला मोजता येणारी गोष्ट मिळाली की अर्धं काम झालं.

आता तक्रार: नुकसान कुणाचं?

इथपर्यंत मी पाय यांच्या बाजूने बोललो. पण त्यांच्या व्याख्येत ‘जोखीम’ म्हणजे वस्तू बिघडण्याची शक्यता. एवढंच. वस्तू बिघडली तर भुर्दंड कुणाला बसतो, हे त्या व्याख्येत नाही. स्वतःच्या कार्यशाळेत, स्वतःच्या लाकडावर काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न वेगळा विचारायची गरज नसते. बिघाडही त्याचा, लाकूडही त्याचं. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न सगळ्यात आधी येतो.

हिशेब करून बघू. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्याही गटाचे नाहीत. समजा एका गटाला दर कार्डामागे ४ रुपये मजुरी ठरली. एका बाईने दिवसभरात, ८ तासांत, १०० कार्डांवर ठसे मारले. त्यातली १२ डाग पडून किंवा ठसा वाकडा बसून नाकारली गेली. नाकारलेल्या कार्डाची मजुरी नाही, वर कागदाचे ५ रुपये कापून घ्यायचे, असा व्यवहार आहे. मग ८८ गुणिले ४ म्हणजे ३५२ रुपये. त्यातून १२ गुणिले ५ म्हणजे ६० रुपये वजा. हातात २९२. म्हणजे केलेल्या प्रत्येक कार्डामागे ४ नाही, २ रुपये ९२ पैसे. तासाला ५० नाही, साडेछत्तीस.

आता तुमची प्रश्नावली आठवा. ‘प्रति नग किती मजुरी मिळते?’ असा प्रश्न तिच्यात आहे. बाई सांगणार ‘चार रुपये’. ती खोटं बोलत नाही, दर तोच आहे. तुम्ही लिहिणार ४. प्रबंधात सरासरी ४ येणार. कुणीतरी तो आकडा पुढच्या योजनेच्या अहवालात घेणार. आणि त्या बाईच्या दिवसातले २७ टक्के कुठे गेले, हे कोणत्याच कागदावर दिसणार नाही. चूक आकडेवारीची नाही, संकल्पनेची आहे. ‘जोखीम’ म्हणजे फक्त वस्तूची जोखीम असं धरलं की असंच होतं.

म्हणून माझी सूचना अशी, की पाय यांच्या एका प्रश्नाचे दोन करा. पहिला त्यांचाच: निकाल आधी ठरलाय का? दुसरा आपला: बिघडलं तर कुणाच्या खिशातून जातं? दोन्ही प्रश्न प्रत्येक पायरीला विचारा. मग आधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात.

उदाहरणार्थ, ठसा कोरणारी. तिने एकदाच जोखीम घेतली आणि पुढच्या पाचशे कार्डांना खात्री दिली. मजुरी जर छापलेल्या कार्डांवर मोजली जात असेल, तर तिच्या कोरण्याचे पैसे कुणी दिले? की ते ‘हौसेचं काम’ म्हणून सुटलं? आणि ठसा तहसील कचेरीजवळच्या शिक्के बनवणाऱ्या दुकानातून करून आणला असेल, तर जोखीम आणि तिचे पैसे दोन्ही गटाबाहेर गेले. दोन्ही गट तुमच्या तक्त्यात मात्र ‘हस्तनिर्मित कार्ड बनवणारे’ म्हणून एकाच रकान्यात बसतील.

कागदाचंही तसंच. दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्यावर कागजीपुरा आहे. तिथली हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापर्यंत मागे सांगितली जाते. पुण्यात के. बी. जोशींनी गांधीजींच्या प्रेरणेने उभारलेली हातकागद संस्था १९४० पासूनची. असा कागद घेतला तर कार्डाला भाव येतो, ‘दोनदा हस्तनिर्मित’ म्हणून मिरवताही येतं. पण ताव महाग. म्हणजे प्रत्येक चुकलेला ठसाही महाग. सुंदर कागद कुणाची जोखीम वाढवतो, हे ‘मूल्यवर्धन’ या शब्दाखाली लपून जातं.

क्रमातलं कौशल्य

पाय यांच्या चौकटीत आणखी एक गोष्ट नीट बसत नाही. सरावलेले लोक ठसा थेट कार्डावर मारत नाहीत. वेगळ्या छोट्या तुकड्यावर मारतात. चांगले उमटलेले तुकडे निवडतात आणि ते कार्डावर चिकटवतात. बिघडला तर तुकडा जातो, कार्ड वाचतं. बिघडलेल्या तुकड्याची दुसरी बाजू टॅगला चालते.

हाताची सफाई यात वाढलेली नाही. साचाही नवा आलेला नाही. बदललाय फक्त क्रम. धोक्याची पायरी आधी आणली आणि स्वस्त सामानावर केली. हे कौशल्य नाही का? पाय यांच्या व्याख्येत अंदाज, हात आणि काळजी आहे. कामाचा क्रम लावणं ‘अंदाज’ या शब्दात कोंबता येईलही, पण ओढूनताणून. एखादा मूल्यमापन अहवाल अशा बदलाला ‘प्रक्रिया सोपी केली’ एवढं एक वाक्य देईल. तुम्ही देऊ नका. हा क्रम कुणी शोधला, कुणाकडून कुणाकडे गेला, प्रशिक्षकाने शिकवला की चार ताव वाया गेल्यावर सुचला, हे विचारा. अशा उत्तरांतून तुम्हाला स्वतःचं काहीतरी म्हणायला मिळेल.

टॅगवरची कोरी जागा

शेवटचा मुद्दा टॅगचा. टॅगवर ठसा असतो, आणि ‘प्रति’ व ‘कडून’ यांच्यापुढे कोरी जागा असते. ती जागा बनवणारी भरत नाही. विकत घेणारा भरतो, पेनाने. पाय यांच्या लेखी पेनाने लिहिणं म्हणजे जोखमीच्या कामाचं सगळ्यात ओळखीचं रूप. म्हणजे या वस्तूतली सगळ्यात उघड जोखीम मुद्दाम शिल्लक ठेवलेली आहे, आणि ती गिऱ्हाइकाच्या हाती सोपवलेली आहे. नाव लिहिलं जात नाही तोवर टॅग अपुराच.

पाय बनवणाऱ्याकडे बघतात. वापरणारा त्यांच्या चित्रात आहे, पण बघणारा म्हणून, काम पुरं करणारा म्हणून नाही. भेटकार्डाच्या बाबतीत ही मोठी उणीव आहे. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असा ठसा मारलेले पन्नास टॅग सारखेच असतात. त्यातला एक ज्याच्या नावाचा होतो, त्याच्यासाठी तो वेगळा होतो. बेन्यामिनवाले ज्याला ‘वलय’ म्हणतात ते कुठे शोधायचं असेलच, तर ते या कोऱ्या जागेत शोधा, शाईच्या डागात नको. आणि त्याचे पैसे बनवणारीला मिळत नाहीत, हेही टिपून ठेवा.

तुमच्या प्रस्तावात याचं काय करायचं

‘हस्तनिर्मित भेटकार्ड व्यवसायाचा महिला सक्षमीकरणावरील परिणाम’ असं शीर्षक असेल, तर त्यातला प्रत्येक शब्द एकेका पुस्तकाएवढा मोठा आहे. ते लहान करा. ‘नगावर मजुरीच्या ठसेकामात बिघाडाचा भार कसा वाटला जातो’ हा प्रश्न तीन वर्षांत, दोन-तीन गटांसोबत, एका माणसाला झेपणारा आहे.

मुलाखतीत ‘जोखीम’ हा शब्द वापरू नका. तो शब्द विम्याच्या आणि बँकेच्या कागदावरचा वाटतो. ‘जोखीम किती असते?’ विचारलंत तर ‘काही नाही’ असंच उत्तर यायची शक्यता जास्त. आपल्याकडे लोक म्हणतात ‘हात बसला’, ‘बिघडलं’, ‘वाया गेलं’, ‘डाग पडला’. हेच शब्द घ्या. ‘हात बसायला किती दिवस लागले?’ ‘काल किती वाया गेली?’ ‘वाया गेलेल्याचं काय केलं?’ हा तिसरा प्रश्न विसरू नका. टाकून दिलं, मुलांना दिलं, टॅग कापले, की गपचूप घरच्या पैशांतून भरून दिलं, प्रत्येक उत्तराचा अर्थ वेगळा. आणि मुलाखत संपल्यावर, परवानगी घेऊन, वाया गेलेली कार्डं मोजा. सांगितलेला आकडा आणि मोजलेला आकडा दोन्ही लिहा. त्यांच्यात फरक आला तर घाबरू नका, तो फरकही तुमची माहितीच आहे.

एक आक्षेप तुमच्या प्रस्तावाच्या सादरीकरणात नक्की येईल: १९६८ सालचं, इंग्लंडमधल्या लाकूडकामाच्या माणसाचं पुस्तक मराठवाड्यातल्या कागदकामाला कशाला? उत्तर तयार ठेवा. त्यांच्याकडून आपण निष्कर्ष घेत नाही, प्रश्न घेतोय, आणि तो प्रश्न आपल्या कामात कुठे अपुरा पडतो तेही दाखवतोय. सैद्धांतिक चौकटीच्या प्रकरणात बहुतेकदा मोठ्या लेखकाचा सारांश असतो आणि मग ‘प्रस्तुत संशोधनात हीच चौकट वापरली आहे’ असं एक वाक्य. परीक्षकाला तो सारांश नको असतो. ती चौकट तुमच्या वस्तूवर ठेवल्यावर कुठे बसली आणि कुठे नाही, हे त्याला वाचायचं असतं.

पाय यांचं पुस्तक लहान आहे, आठवड्यात वाचून होतं. वाचण्याआधी एक ठसा कोरा आणि वीस टॅग करा. वाया गेलेले बाजूला ठेवा, मोजा, आणि ते कोणत्या पायरीला बिघडले तेवढं प्रत्येकाच्या मागे लिहा. मग पुस्तक उघडा.